मक्या जेवत नाही

जेवायला नको म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे मराठी घरात वाढलेल्या कुणाला शिकवावं लागत नाही. आधी 'असं कसं, थोडं तरी घे' म्हणायचं. मग न विचारता वाढायचं. त्याने ताटावर हात आडवा धरला, तर बोटांच्या फटीतून वाढायचं. तरीही ऐकलं नाही तर 'आवडलं नाही वाटतं' म्हणून चेहरा पाडायचा. या शेवटच्या अस्त्रापुढे टिकलेला पाहुणा मी अजून पाहिलेला नाही. पण ज्याला आडवा धरायला हातच नाहीत, 'घे रे' ऐकायला बाहेरचे कान नाहीत आणि आपला पडलेला चेहरा पाहून ओशाळं होऊन मिटायला पापण्याही नाहीत, अशाने जेवण सोडलं तर काय करायचं? यंदा मार्चमध्ये आमच्यावर ती वेळ आली.

उपाशी बसलेल्याचं नाव मक्या. मक्या हा साप आहे. आम्ही राहतो नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावात. तीन वर्षांपूर्वी अथर्वने, म्हणजे माझ्या मुलाने, कुत्र्याचा हट्ट धरला. नवऱ्याला केसाळ प्राण्यांची ॲलर्जी. तो मोठ्या उदारपणे म्हणाला, "केस नसलेला कुठलाही प्राणी चालेल." त्याच्या मनात मासा होता. नऊ वर्षांच्या मुलासमोर 'कुठलाही' हा शब्द वापरू नये, हे त्याला त्या दिवशी कळलं.

जातीने मक्या कॉर्न स्नेक. ही जात मूळची अमेरिकेच्या आग्नेय भागातली, म्हणजे मक्या इथला भूमिपुत्र आणि आम्हीच उपरे. मक्याशी या सापाचा संबंध काय, याची दोन उत्तरं मिळतात. पूर्वी शेतकऱ्यांच्या मक्याच्या कणग्यांमध्ये उंदीर येत आणि उंदरांमागे हे साप येत, हे एक. दुसरं असं, की याच्या पोटावरची काळी-पांढरी चौकट रंगीत दाण्यांच्या कणसासारखी दिसते. लिनियसने 1766 मध्ये याला शास्त्रीय नाव दिलं, त्यात मका कुठेच नाही. त्यातल्या 'गटाटस'चा अर्थ ठिपकेवाला. आम्ही आपलं मक्याचा म्हणून मक्या ठेवलं. कुणी रीतसर चौकशी केलीच, तर पूर्ण नाव मकरंद.

साप बिनविषारी. अंगावर नारंगी रंग, त्यावर काळ्या काठाचे तांबडे डाग, लांबी चार फुटांच्या आसपास. इथल्या जंगलात कॉपरहेड नावाचा विषारी साप असतो आणि त्याच्यासारखा वाटतो म्हणून पुष्कळ कॉर्न स्नेक बिचारे उगाच मारले जातात. पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी 1980 साली 72 विषारी सापांबरोबर 72 तास काढले होते. मला एका बिनविषारी सापाबरोबर एका खोलीत 72 सेकंद काढायला दोन महिने लागले. त्यानंतर मात्र माझ्या लक्षात आलं, की हा प्राणी ओरडत नाही, सोफा कुरतडत नाही, दहा-बारा दिवसांतून एकदाच जेवतो आणि जे वाढाल ते मुकाट्याने खातो. तोवर घरात एवढं सद्गुणी कुणी आलं नव्हतं. जेवणाच्या बाबतीत तर मी अथर्वला त्याचा दाखला देत असे. "बघ, मक्या टाकतो का काही?"

अथर्व काय काय टाकतो हे सांगायला वेगळा लेख लागेल. थोडक्यात, हिरवं दिसलं की तो ताटावर हात आडवा धरतो.

मक्याच्या जेवणाबद्दल मात्र सांगायला हवं. त्याला गोठवलेले उंदीर लागतात. ते दुकानात मापाप्रमाणे मिळतात. नुकते जन्मलेले गुलाबी ते पिंकी, बारीक लव आलेले ते फझी, उड्या मारायच्या वयाचे ते हॉपर आणि मग पूर्ण वाढलेले. मक्या लहान असताना मी एकदा भिशीच्या बायकांसमोर नवऱ्याला ओरडून सांगितलं होतं, "अरे, पिंकी संपल्यात, येताना पाच-सहा घेऊन ये." आमच्या भिशीत एक पिंकी आहे. ती पुढच्या महिन्यात आली नाही.

उंदीर राहतात फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात, किसलेल्या नारळाच्या पाकिटांशेजारी. जेवणाच्या दिवशी पिशवीत बंद केलेल्या उंदराचा बर्फ आधी फ्रीजमध्ये वितळू द्यायचा आणि मग गरम पाण्यात ठेवून अंगातली ऊब परत आणायची. यासाठी एक स्टीलचं भांडं वेगळं काढलेलं आहे. कपाटातलं सगळ्यात कमी लागणारं भांडं म्हणून ते निवडलं. त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलंय : 'कै. नानांच्या स्मरणार्थ'. नानांना माणसांना जेवू घालायची फार हौस होती, असं आम्ही स्वतःला समजावतो.

2 मार्चला मक्या शेवटचं जेवला. 13 तारखेला अथर्वने नेहमीसारखा उंदीर चिमट्यात धरून पेटीत सोडला. मक्या जवळ आला, जीभ दोनदा बाहेर काढली, आत घेतली आणि उंदराला वळसा घालून निघून गेला. लग्नाच्या पंगतीत एखादा बुवा मठ्ठ्याच्या तांब्याला वळसा घालून जातो तसा. आम्ही म्हटलं, कात टाकायची असेल. कात टाकण्याआधी सापाचे डोळे दुधाळ निळे होतात, त्याला नीट दिसत नाही आणि त्या दिवसांत बरेच साप जेवत नाहीत. डोळे पाहिले. ते लख्ख होते.

25 मार्चला पुन्हा नको. मग घराची झाडाझडती सुरू झाली. सापाला पोटातलं अन्न पचवायला बाहेरची ऊब लागते. पेटी गार असेल, तर तो शहाणपणाने जेवतच नाही. पेटीच्या उबदार बाजूला 85 अंश फॅरनहाइट हवं. थर्मामीटर लावला, 85 भरलं. लपायला दोन जागा हव्यात, होत्या. पाणी स्वच्छ हवं, होतं. उंदीर त्याच्या अंगाच्या जाडीएवढाच हवा. आम्ही पट्टी घेऊन मापला. मग मनधरणीचे प्रकार. उंदीर चिमट्यात धरून नाचवला; नवऱ्याने त्याला इतकं नाचवलं, की एवढं तो आमच्या लग्नातसुद्धा नाचला नव्हता. उंदराला कोंबडीच्या अळणी पाण्यात बुडवून वास लावला. रात्री अंधार करून उंदीर पेटीत ठेवून दिला. सकाळी उंदीर होता तसाच होता आणि मक्या दुसऱ्या टोकाला वेटोळं करून आमच्याकडे पाहत होता. पापण्या नसल्यामुळे तो कायमच पाहत असतो, पण त्या दिवशी तो मुद्दाम पाहतोय असं मला वाटलं.

आणखी एक उपाय म्हणजे उंदराच्या डोक्याला चीर देऊन मेंदूचा वास बाहेर काढायचा. मी म्हटलं, तो दिवस उजाडला, तर सुरी, पोळपाट आणि मी, तिघंही या घरातून निघून जाऊ.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माझी आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली. विमानतळावर तिने अथर्वच्या गालावरून हात फिरवला आणि पहिला प्रश्न विचारला, "जेवलास का?" दुसरा प्रश्न मला. "आणि तो जेवला का?" पुण्यात ही बातमी सगळ्यांना कळली होती. मावशीने ओव्याचं पाणी सुचवलं होतं. एका मामाने, सापाला हवापालट लागतो, असं ठामपणे कळवलं होतं. मामा आयुष्यभर बँकेत होते.

आईला सापाची भीती नाही. तिचं माहेर बत्तीस शिराळ्याजवळचं. नागपंचमीला जिवंत नाग पकडून पुजणारं ते सांगली जिल्ह्यातलं गाव. पुढे न्यायालयाने तो प्रकार थांबवला. आई पेटीसमोर खुर्ची टाकून बसली. मक्याकडे बराच वेळ पाहिलं. अथर्वने घाईघाईने सांगून टाकलं, "आजी, साप दूध पीत नाहीत हं. त्यांना ते पचत नाही."

"मला सांगतोस होय रे?" आई म्हणाली. "आमच्या कणगीत धामण असायची. आजोबा तिला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. उंदीर खायची ती. दूध कोण पाजणार तिला, आम्हालाच पुरत नव्हतं." मग मक्याच्या नावामागची कणगीची गोष्ट ऐकल्यावर तिने पसंतीची मान हलवली. "म्हणजे ही इकडची धामणच की." प्राणिशास्त्राने पाहिलं तर दोघांचं नातं लांबचं, पण धंद्याने दोघं सख्खे.

तिचा आक्षेप वेगळाच निघाला. दुसऱ्या दिवशी ती मोदकासाठी नारळ काढायला गेली आणि फ्रीजरचा कप्पा उघडल्यावर स्वयंपाकघर एकदम शांत झालं. "गणपतीचं वाहन," ती म्हणाली, "आणि गणपतीचं खोबरं. एका कप्प्यात." मी म्हटलं, "अगं, गणपतीच्या पोटाला नागच बांधलेला असतो ना? मग तिघं एकत्र आहेतच की." आई यावर विचार करायला लागली. वादात मी तिच्यापुढे टिकण्याची ही पहिलीच वेळ. संध्याकाळपर्यंत नारळ वरच्या कप्प्यात गेला होता आणि नानांच्या भांड्यावर आईची नजर पडू नये म्हणून मी ते गॅरेजमध्ये ठेवलं.

आईने तपास आपल्या पद्धतीने सुरू केला. आधी दृष्ट. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन पेटीवरून तीनदा उतरवल्या. मक्याला धूर लागू नये म्हणून त्याच्या खोलीचं दार लावलं आणि मिरच्या स्वयंपाकघरातल्या तव्यावर टाकल्या. अमेरिकन घरात छताला धुराचे भोंगे असतात, हे तिला सांगायचं राहून गेलं होतं. पहिला भोंगा स्वयंपाकघरात वाजला. ते एकमेकांना जोडलेले असल्यामुळे लगेच बाकीचे पाचही वाजले. नवरा स्टुलावर चढून टॉवेल फिरवतोय, अथर्व खिडक्या उघडतोय, मी खोकतेय आणि आई तव्याशी उभी राहून, डोळ्यांतून पाणी काढत, समाधानाने सांगतेय, "एवढा ठसका लागला म्हणजे दृष्ट लागलेली नाही. असती तर वासच आला नसता." एक कारण रीतसर बाद झालं. निदानाची ही पद्धत डॉक्टरही वापरतात. फक्त त्यांच्याकडे भोंगे वाजत नाहीत.

मग एकादशी आली. मी आणि आई उपास करतो. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, चारला बटाट्याचा कीस, रात्री रताळ्याच्या गोड फोडी. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आमच्याकडे पाहूनच केली असावी. समोरच्या पेटीत एकजण चाळीसएक दिवस नुसत्या पाण्यावर होता. आई हात धुता धुता म्हणाली, "नागपंचमीच्या आदल्या दिवशी आम्ही बायका नागाला भाऊ मानून भावाचा उपास करतो. साठ वर्षं केला मी. हा बहुतेक फेडतोय सगळे."

तेवढ्यात तिने एक वाक्य सहज टाकलं. "वयात आलाय तो. वसंत ऋतू आहे. लग्नाचं बघा त्याच्या." आम्ही सगळे हसलो. हे हसणं आम्हाला पुढे महागात पडलं.

डॉक्टरकडे गेलो ते एप्रिलच्या शेवटी. पोपट, ससे आणि सरडे तपासणाऱ्या डॉक्टर इथे वेगळ्या असतात आणि त्यांची फीही वेगळी असते. नवऱ्याने ती मनातल्या मनात रुपयांत केली आणि बाकावर बसून घेतलं. वीस वर्षं इथे राहूनही त्याची ही सवय गेलेली नाही. अर्जात पेशंटचं नाव 'मकरंद' लिहिलं होतं. बाहेरच्या मुलीने तीन प्रयत्न केले आणि शेवटी "मॅकी?" अशी हाक मारली. आई माझ्या कानात म्हणाली, "सगळ्या मकरंदांचं शेवटी तेच होतं."

आम्ही मक्याला उशीच्या अभ्र्यात घालून नेलं होतं. जोडीला प्लास्टिकच्या पिशवीत त्याच्या विष्ठेचा नमुना आणि आईच्या पिशवीत थालीपीठ. हे दुसरं आमच्यासाठी, हे मी डॉक्टरना दोनदा स्पष्ट केलं. डॉक्टरांनी मक्याचं तोंड उघडून हिरड्या पाहिल्या, खवल्यांच्या फटींत गोचिडीसारखे बारीक किडे आहेत का ते पाहिलं, श्वासाला घरघर नाही ना ते ऐकलं, पोटावरून बोटं फिरवली. मग वजन. 391 ग्रॅम. मार्चमध्ये आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर 412 भरलं होतं. म्हणजे 21 ग्रॅम उतरला. जेमतेम पाच टक्के. जवळपास दोन महिने न जेवता पाच टक्के! माझ्या भिशीतल्या निम्म्या बायका यासाठी महिन्याला पैसे भरतात.

डॉक्टरांनी हातमोजे काढले आणि हसून निदान सांगितलं. साप ठणठणीत आहे. पूर्ण वाढलेला नर आहे. मार्च ते मे हा यांचा जोडीदार शोधायचा काळ असतो आणि त्या दिवसांत पुष्कळ नरांचं जेवणावरून मन उडतं. मादी असती तर अंड्यांमुळेही असं झालं असतं. "ही इज लुकिंग फॉर अ गर्लफ्रेंड."

आईला इंग्रजी बेताचं येतं, पण एवढं येतं. तिने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने फक्त पिशवीतून डबा काढला आणि एक थालीपीठ खायला घेतलं. इतकं सावकाश, इतकं चावून चावून खाल्लेलं थालीपीठ मी आजवर पाहिलेलं नाही. घरी परतताना गाडीत ती एकच वाक्य बोलली. "माझी फी किती झाली?"

खरी पंचाईत पुढेच होती, कारण डॉक्टरांनी औषधच दिलं नाही. दिल्या त्या सूचना. रोज रोज वाढू नका. दोन आठवड्यांतून एकदा विचारा, नको म्हणाला तर निमूट उचला. सारखं हातात घेऊ नका. पाणी बदला. आठवड्यातून एकदा वजन करा. दहा टक्क्यांच्या वर उतरलं, अंग सुरकुतलं, तोंडातून फेस आला किंवा श्वास वाजला, तर लगेच या. एरवी काही करू नका.

काही करू नका! घरातला एकजण जेवत नाहीये आणि काही करायचं नाही! मी चाळीस वर्षांत एवढं कडू औषध घेतलेलं नाही. पहिल्या आठवड्यात मी दिवसातून सहा वेळा त्या खोलीत 'सहज' जात होते. आई दाराशी उभी राहून पुटपुटायची, "थोडं तरी खा रे बाबा." अथर्व मात्र शांत होता. एकदा जेवताना, दुधीच्या भाजीवर हात आडवा धरून तो म्हणाला, "आई, डॉक्टर काय म्हणाल्या? भूक लागली की खाईल. सारखं विचारलं की त्याला जास्तच नको वाटतं."

तो मक्याबद्दल बोलत होता, असं मी धरून चालले.

आईने मात्र डाव थांबवला आणि नातवाकडे पाहत राहिली. मग ती मला म्हणाली, "तूसुद्धा अशीच होतीस. पडवळ दिसलं की ताट घेऊन उठायचीस. मी पाठीमागे लागायचे."

"मग?"

"मग काय? अजून खात नाहीस पडवळ."

फ्रीजवर तक्ता लागला. दर रविवारी सकाळी मक्याला प्लास्टिकच्या डब्यात घालून काट्यावर ठेवायचं, डब्याचं वजन वजा करायचं आणि लिहायचं. आईने ते काम आपल्याकडे घेतलं आणि तिच्या वळणदार अक्षरात खाली खाली आकडे उतरत गेले. 390. 388. 387. 11 मे रोजी उंदीर दाखवला, नको म्हणाला, निमूट उचलला. निमूट उचलताना माझा चेहरा पडला असेल, पण तो कुणी पाहिला नाही.

24 मेला संध्याकाळी मी नानांचं भांडं गॅरेजमधून आणलं. अथर्वने उंदीर चिमट्यात धरला. मक्या वेटोळ्यातून बाहेर आला. जीभ लपलपली, थांबली, पुन्हा लपलपली. मग मान मागे गेली आणि तिची इंग्रजी एस अक्षरासारखी घडी झाली. या घडीची आम्ही बारा आठवडे वाट पाहत होतो. पुढचं दिसलंच नाही, इतकं झटक्यात झालं. दिसलं ते एवढंच, की चिमटा रिकामा होता आणि उंदराभोवती तीन घट्ट वेढे होते. मेलेल्या, बर्फ वितळवलेल्या, कोंबडीचा वास नसलेल्या उंदराला त्याने मनापासून आवळून पुन्हा मारलं. मग डोक्याकडून सुरुवात. सापाच्या खालच्या जबड्याचे दोन भाग पुढे हाडाने जुळलेले नसतात. मक्याने एकदा डावा पुढे सरकवला, एकदा उजवा, जणू जबड्याने चालत चालत तो त्या उंदरावर चढत होता. शेवटी शेपटी तेवढी ओठांबाहेर राहिली, शेवयांच्या खिरीतली शेवटची शेवई राहते तशी. तीही गेली. मग त्याने भलीमोठी जांभई देऊन जबडा जागेवर बसवला.

कुणीच काही बोललं नाही. आईने पुण्याला फोन लावला. तिकडे पहाटेचे चार वाजले होते. "जेवला," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तुमचा साप जेवत नसेल, तर पेटीची ऊब बघा, डोळे बघा, आठवड्यातून एकदा वजन करा आणि वजन घसरत गेलं तर डॉक्टरकडे जा. बाकी त्याला त्याचं कळतं. घरात आजी असेल, तर फी भरण्याआधी तिला विचारा.

त्या रात्री जेवायला पुन्हा दुधी होता. अथर्वने हात आडवा धरला. मी वाटी पुढे नेली आणि दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्याचं वजन आता आम्ही दर रविवारी करतो.